कोणत्याही पंथाची नसलेली ख्रिस्ती : पंडिता रमाबाई

सुरतेला लागून असलेले उधना आज यंत्रमागांच्या खडखडाटाने ओळखले जाते. पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत. मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग येथून जातो आणि जळगावकडे जाणारा तापी खोऱ्यातील फाटाही येथेच फुटतो. १९०० साली गुजरातहून पुण्याजवळच्या केडगावला यायचे तर हाच लोहमार्ग होता. त्या वर्षी गुजरातेत भीषण दुष्काळ होता. विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे तिथले लोक त्याला आजही ‘छप्पनियो’ म्हणतात. गावेच्या गावे ओस पडली, गुरे मेली, आईबापांनी पोरे रस्त्यावर सोडली. त्या रस्त्यांवरून निराधार मुली आणि विधवा गोळा करून केडगावला आणण्याचे काम पंडिता रमाबाईंच्या माणसांनी केले. अशा एक हजाराहून अधिक जणींना त्या दुष्काळात आसरा मिळाला आणि ‘मुक्ती’ या संस्थेची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

त्या काळी गुजरातेत ख्रिस्ती मिशने अनेक होती. सुरतेत आयरिश प्रेस्बिटेरियन, वलसाडला अमेरिकेतून आलेले ब्रदरन, अन्यत्र मेथडिस्ट, मुक्तिसेना आणि कॅथलिक. प्रत्येकाची उपासनेची रीत निराळी, बाप्तिस्म्याचा विधी निराळा. एक पंथ तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देई, तर दुसरा जाणत्या वयात संपूर्ण पाण्यात बुडवल्याखेरीज त्याला बाप्तिस्मा मानायलाच तयार नसे. अनाथालय ज्या मिशनचे, त्या मिशनचा पंथ मुलांच्या वाट्याला येई. केडगावला उतरलेल्या मुली मात्र कोणत्या पंथाच्या होणार होत्या? रमाबाईंचे उत्तर होते, कोणत्याही नाही. मुक्तीचे दार सर्व पंथांच्या ख्रिस्ती सेवकांना उघडे होते आणि तिथली मंडळी कोणत्याही एका पंथाच्या नावाने बांधलेली नव्हती. हे उत्तर त्यांना आयते मिळालेले नव्हते. त्यापायी त्यांनी इंग्लंडातील आपल्या सर्वांत जवळच्या माणसाशी वर्षानुवर्षे वाद घातला होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना धर्ममार्तंडांपुढे आपली बाजू मांडावी लागली होती. रमाबाईंना आई लक्ष्मीबाईंनी तोंडी पाठ देऊन शिकवले. पुराणे सांगत, तीर्थे करत हे कुटुंब देशभर भटकत राहिले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळाने घात केला. आई, वडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी उपाशीतापाशी पायी प्रवास करत १८७८ मध्ये कलकत्ता गाठले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. शास्त्रांनी स्त्रीला आणि शूद्राला मोक्षाची कोणती वाट ठेवली आहे, हा प्रश्न त्याच काळात त्यांच्या मनात रुजला आणि परंपरागत धर्मावरची त्यांची श्रद्धा ढासळू लागली.

श्रीनिवास यांच्या मृत्यूनंतर १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. त्यांच्या सिल्चरच्या घरी बंगालीत छापलेले लूकचे शुभवर्तमान रमाबाईंच्या हाती पडले आणि एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याने त्यातल्या गोष्टी त्यांना समजावून सांगितल्या. ख्रिस्ती धर्माशी त्यांचा पहिला खरा परिचय झाला तो असा. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा मृत्यू झाला. पदरी वर्षाच्या आतली मनोरमा. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व डॉक्टर स्त्रिया हव्यात, असे निक्षून सांगितले.

पुण्यात त्यांचा संबंध आला तो अँग्लिकन पंथाच्या धर्मभगिनींशी. या भगिनी इंग्लंडातील वाँटेज येथील मठाच्या. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच ख्रिस्ती झालेले फादर नेहेम्या गोऱ्हे, हेही त्यांना इथेच भेटले. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने रमाबाई मनोरमेला घेऊन वाँटेजला गेल्या. श्रवणशक्ती कमी होत चालल्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत मोडला. गोऱ्ह्यांनी भारतातून पाठवलेल्या एका दीर्घ पत्राने त्यांच्या मनातल्या बऱ्याच शंका मिटवल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात या बातमीने मोठी खळबळ उडाली. ज्या समाजसुधारकांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांतले अनेक जण दुखावले. एक विदुषी गेली, अशीच भावना होती.

इंग्लंडात मात्र वेगळाच पेच उभा राहिला. बाप्तिस्मा घेतलेली ही बाई आता आपल्या पंथाची झाली, असे वाँटेजच्या मठाने गृहीत धरले. रमाबाई मात्र ख्रिस्ताच्या अनुयायी झाल्या होत्या, इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चच्या नव्हे. हा फरक त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डाइन यांना मान्य होण्यासारखा नव्हता. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवत आणि स्वतः शिकत असताना दोघींत सुरू झालेला पत्रव्यवहार हा मराठी माणसाच्या धर्मविचारातला एक असामान्य दस्तऐवज आहे. सिस्टर जेराल्डाइन यांनीच जपून ठेवलेली ही पत्रे पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

त्या पत्रांतले वाद दोन प्रकारचे आहेत आणि दोन्ही प्रकार एकाच टोपलीत टाकले, तर रमाबाई समजणार नाहीत. पहिला प्रकार राहणीचा. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अखेरपर्यंत शाकाहारीच राहिल्या. अंडे घातलेला पदार्थही त्यांना चालत नसे. धर्मभगिनींना त्यात जुन्या जातीचा अहंकार दिसे. रमाबाईंच्या मते ताटात काय असावे, याचा ख्रिस्तावरच्या श्रद्धेशी काही संबंध नव्हता. त्यांनी घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. लॅटिन इंग्रजांना तरी कुठे कळते, मग माझ्या क्रुसावर माझ्या देशाची संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा त्यांचा बेत कळताच मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. भारतात त्यांच्या नावाला बट्टा लागेल, हे कारण. भर सभांत पुरुषांपुढे व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना हे कारण अपमानास्पद वाटले. आपल्या देशातल्या भटशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या.

दुसरा प्रकार गंभीर होता. देव एक असून तीन व्यक्तींत आहे हे त्रैक्याचे मत, ख्रिस्ताचे देवत्व, कुमारीच्या पोटी झालेला त्याचा जन्म, अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार, या सर्वांविषयी १८८४-८५ च्या सुमारास रमाबाईंच्या मनात शंका होत्या आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. ज्या गोष्टी सिस्टर जेराल्डाइनच्या दृष्टीने धर्माचा पायाच होत्या, त्यांना बायबलात मला आधार दाखवा, असे ही शिष्या म्हणत होती. सिस्टरच्या बाजूनेही न्यायाने पाहिले पाहिजे. ज्या मंडळीत आपण बाप्तिस्मा घेतला, तिची मूलभूत श्रद्धा नाकारायची आणि तरी तिचे सभासद राहायचे, हे कसे जमावे? ऐक्य हवे तर काहीतरी समान हवेच. ते समान काय, हे व्यक्तीने एकटीने ठरवायचे की मंडळीने मिळून? वादाचे मूळ इथे होते आणि दोन्ही बाजूंना त्याचे सोपे उत्तर नव्हते. छोट्या मनोरमेला कोणते धर्मपाठ द्यायचे, यावरून तो वाद मायलेकींच्या संबंधांपर्यंत पोचला. आईच्या नात्याने तो निर्णय आपला, यावर रमाबाई ठाम राहिल्या.

या वादात तिसरी बाई होती ती महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील. स्वतः श्रद्धाळू अँग्लिकन असूनही त्यांनी रमाबाईंच्या शंकांना घाई केली नाही. शंका घेणाऱ्याला ढकलून दाराबाहेर काढले तर तो परत येत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असावे. इतके होऊनही सिस्टर जेराल्डाइन आणि रमाबाई यांचे नाते तुटले नाही. रमाबाईंनी तिला आपली धर्ममाता मानणे सोडले नाही, वाँटेजच्या भगिनींनी मनोरमेला माया लावली आणि पत्रे पुढेही चालू राहिली. मतभेदाची धार आणि जिव्हाळा एकाच कागदावर उतरलेला तिथे दिसतो.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून त्यांनी बालविधवांचा प्रश्न मांडला. त्यांच्या कार्याला पैसा पुरवण्यासाठी डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या पंथाचे. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स हे एपिस्कोपल पंथाचे नामांकित उपदेशक, तर फ्रान्सिस विलर्ड या मेथडिस्ट. त्रैक्यावरून ज्यांचे एकमेकांशी जुळणे शक्य नव्हते, ती माणसे मराठी विधवांच्या शिक्षणासाठी एका टेबलाभोवती बसली. वाँटेजमध्ये जे वादाने साधले नाही, ते बॉस्टनमध्ये कामाने साधले. अमेरिकेतील धर्मपंथांच्या या गर्दीविषयी रमाबाईंनी आपल्या मराठी प्रवासवृत्तातही लिहिले. ते १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याची हमी असल्याने न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक तिच्या सल्लागार मंडळात होते. गोदूबाई जोशी ही इथली विद्यार्थिनी. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. पुण्यात त्या वेळी हिंदू समाजातही मुख्य काय आणि गौण काय, यावर रणे माजत होती. १८९० मध्ये पंचहौद मिशनात घेतलेल्या चहाच्या पेल्यापायी नामवंतांवर ग्रामण्य झाले. अशा वातावरणात १८९३ मध्ये सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, हे उघड झाले. रमाबाईंचे म्हणणे, मी माझ्या खोलीचे दार लावून घेत नाही आणि कोणाला बोलावतही नाही. पालकांना हा विश्वासघात वाटला. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, अनेक मुली काढून नेल्या गेल्या. रमाबाईंच्या चाहत्यांनाही ही बाजू नजरेआड करता येत नाही. ख्रिस्ती पंथांच्या भिंती त्यांनी ओलांडल्या, पण जुन्या सुधारक मित्रांशी असलेला धागा मात्र त्यानंतर पूर्वीसारखा कधी जुळला नाही.

याच काळात त्यांच्या श्रद्धेनेही वळण घेतले होते. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचून त्यांच्या मनात जे घडले, त्यानंतर ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीची शंका उरली नाही. ज्या श्रद्धेसाठी जेराल्डाइनने इतका आग्रह धरला होता, त्या श्रद्धेपाशी रमाबाई आपल्या पायांनी चालत आल्या. आता भाव वाढला, तरी कोणत्याही पंथात शिरण्याची त्यांना गरज वाटली नाही. इंग्लंडात एकाच बायबलावर विसंबणारे इतके पंथ पाहून आपण किती गोंधळून गेलो होतो, हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत नमूद केले आहे. ज्या गोष्टीवाचून तारण नाही अशी एकच, ख्रिस्तावरचा विश्वास. बाकीच्यांबद्दल प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकाला स्मरून वागावे, अशी त्यांची धारणा झाली.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी केडगावच्या माळावर मुक्ती उभी राहिली आणि ही धारणा तिथे रोज कसाला लागली. मेथडिस्ट पंथाच्या मिनी अब्राम्स १८९८ मध्ये येऊन सामील झाल्या. निरनिराळ्या देशांतून, निरनिराळ्या पंथांतून स्त्रिया येत राहिल्या. विहिरी, मळा, हातमाग, तेलघाणा, छापखाना, अंधांसाठी बार्तीमी सदन, पतित स्त्रियांसाठी कृपा सदन असा पसारा वाढला. दोन हजार माणसांना दोन वेळा जेवू घालताना बाप्तिस्म्याचे पाणी किती खोल असावे, यावर वाद घालायला फार कोणाला सवड नव्हती.

कसोटीचा प्रसंग १९०५ मध्ये आला. जूनच्या अखेरीस मुक्तीतल्या मुलींत धार्मिक जागृतीची लाट उठली. मुली रडत, मोठमोठ्याने एकत्र प्रार्थना करत. पुढे काही जणी अपरिचित भाषांत बोलू लागल्या. पाश्चात्त्य मिशनऱ्यांत याविषयी तट पडले. एका बाजूला हा केवळ भावनेचा उमाळा वाटला, तर दुसऱ्या बाजूला अपरिचित भाषेत बोलणे हीच पवित्र आत्मा लाभल्याची खूण ठरू लागली. रमाबाईंनी मुलींची तोंडे बंद केली नाहीत. भारतीय बायका आपल्या रीतीने देवापुढे रडल्या-हसल्या, तर त्यांना इंग्रजी शिस्त का लावावी, अशी त्यांची भूमिका होती. पण तो अनुभव त्यांनी कोणाच्याही ख्रिस्तीपणाची अटही केला नाही. त्याच वर्षांत जगभर याच प्रश्नावरून नवे पंथ फुटत होते. मुक्तीतून पंथ निघाला नाही.

रमाबाईंच्या आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून घेतल्या. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळेल अशी मराठी हवी, हा हेतू. हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे संस्कृत शब्द त्या कटाक्षाने टाळत. नेमक्या त्याच काळात रेव्हरंड ना. वा. टिळक उलट वाटेने चालले होते. संतांच्या अभंगपरंपरेतून ख्रिस्ताकडे जाता येते, असे मानणाऱ्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले. मराठी शब्दांविषयी आणि हिंदू वारशाविषयी या दोघांचे मत जुळणे कठीण होते. परदेशी पंथांनी आखलेल्या रेषा आपल्या अंगणात नकोत, याबाबत मात्र दोघे एकाच बाजूला उभे होते. गोव्यातल्या वाचकाला इथे आणखी एक नाव आठवेल. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स जेझुइट होते, रमाबाई प्रोटेस्टंट. रोमच्या पंथाविषयी रमाबाईंना ओढा नव्हता आणि स्टीफन्सना प्रोटेस्टंट मत मान्य होणे शक्य नव्हते. तीनशे वर्षांच्या अंतराने दोघांनीही त्याच कथेसाठी मराठी निवडली.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईच्या हाताखाली शारदा सदन सांभाळणारी, मुक्तीची वारस मानली गेलेली ही एकुलती एक मुलगी. रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबवले नाही. अखेरच्या दिवसांतही त्या मुद्रिते तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचे निधन झाले. तिथेच त्यांना मूठमाती देण्यात आली.

पंथभेदांचा प्रश्न त्यांच्यानंतर संस्थांनी हाती घेतला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजेच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. सुरतेतल्या आयरिश प्रेस्बिटेरियनांचे वारस आणि वलसाडच्या ब्रदरनांचे वारस असे एका छताखाली आले. बाप्तिस्म्याच्या जुन्या भांडणावर त्यांनी काढलेला तोडगा साधा होता. तान्हेपणीचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही रीती मान्य करायच्या आणि ज्या पाळकाच्या सदसद्विवेकाला त्यांतली एक पटत नसेल, त्याच्यावर तिची सक्ती करायची नाही. हे ठरवण्यासाठी त्या मंडळ्यांना चाळीस वर्षांच्या वाटाघाटी कराव्या लागल्या. मुक्ती मात्र आजही कोणत्याही एका पंथाची नाही. केडगावला निराधार स्त्रिया आणि मुले अजूनही येतात, आणि तिथे पोचणाऱ्या मुलीला पंथ विचारला जात नाही.